पोट एकच ना?

बाळांनो, पार तिकडे पश्चिम आफ्रिकेतल्या एका जंगलात एक मगर होती. तिला डोकी दोन, पोट मात्र एकच. हसू नका. घरी जाऊन बघा.

थोरल्या डोक्याला सगळे नाना म्हणत. धाकट्याचं नाव याव. नदीतला प्रत्येक मासा नानाच गिळत. यावला अजून माशाची चवसुद्धा ठाऊक नव्हती.

"नाना, आज एक मला?"

"अरे, पोट एकच ना? मी खाल्लं काय, तू खाल्लं काय!"

"मग मी खातो की."

"उलट बोलतोस? घशात काटा अडकेल तुझ्या."

त्या मुलखात कापडावर ठसे उमटवायची रीत होती. अदिंक्रा म्हणत त्यांना. भोपळ्याचं वाळकं कवच कोरायचं, झाडाच्या सालीच्या काळ्या रंगात बुडवायचं, दाबायचं. प्रत्येक ठशाला अर्थ. मेंढ्याची शिंगं म्हणजे अंगात बळ, पण वागणं नम्र. मान मागे वळवलेला पक्षी म्हणजे विसरलेलं परत जाऊन आणावं.

हे ठसे एफुआ माकडीण कोरायची. तिनं या मगरीचाही ठसा कोरला. अर्थ असा, की पोट एक असून घासासाठी भांडू नये.

नाना हरखले. त्या ठशाचं कापड पांघरून गावोगाव एकीवर भाषणं झोडू लागले. म्हातारे माना डोलवत. त्यांच्याही घरात धाकटी तोंडं होतीच.

एकदा भाषणानंतरच्या जेवणात नानांनी सडका मासा हाणला. पोटात कळ उठली. ती मात्र दोघांना. कासववैद्यानं कडूजहर काढा आणला.

"याव, तू घे बाळा," नाना कण्हले. "पोट एकच."

"पी की रे!" म्हातारे खेकसले. "मोठ्यांचं ऐकावं."

यावनं काढा तोंडात घेतला. गिळला नाही.

नाना गहिवरले. "बघा मंडळी, एकी म्हणजे..." म्हणत त्यांनी जबडा वासला. यावनं मान वळवली आणि सगळा काढा त्या जबड्यात थुंकला. गटकन खाली!

"गेला ना पोटात?" याव म्हणाला.

थू थू करत नाना चूळ भरायला नदीकडे धावले. याव आपसूक सोबत. पाण्यात मासा चमकला. यावनं तो पकडला आणि सावकाश चावून चावून खाल्ला. किंचित गोड, किंचित चिखलट. चवीनं त्याचे डोळे मिटले.

"अरे, अर्धा मला!" नाना किंचाळले.

याव काही बोलला नाही. तोंडात घास असताना बोलू नये, हे नानांनीच शिकवलं होतं.

तात्पर्य: मोठ्यांचं जरूर ऐकावं. फक्त ऐकताना त्यांच्या तोंडाला मासळीचा वास येतोय का, तेवढं हुंगून घ्यावं.