दुसरी ओळ रिकामी सोडल्यास

"वेबसाइट बनवायला लोक दुसऱ्याला पैसे का देतात, हे मला अजून कळलेलं नाही," हे पाटीवाल्यांचं आवडतं वाक्य. पाटीवाले म्हणजे दारावरच्या आणि दुकानावरच्या लाकडी पाट्या कोरून देणारे गृहस्थ. सात वर्षांपूर्वी तापाने घरी पडले असताना त्यांनी चार दिवसांत स्वतःच एक वेबसाइट बनवली. ताप उतरला, पण तिचा अभिमान काही उतरला नाही!

ती वेबसाइट चालायची स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर. कोरायचं यंत्रही तिथेच, ओट्याला खेटून. बायकोने मिक्सर लावला की वेबसाइट बंद पडायची आणि नवऱ्याने यंत्र लावलं की भाजीत भुसा पडायचा. त्यामुळे मोठ्या हॉस्पिटलातून साठ पाट्यांची विचारणा आली, तेव्हा तीच जास्त हरखली. एवढं काम मिळालं की यंत्रासाठी वेगळा गाळा घेता येणार होता आणि तिला तिचं स्वयंपाकघर परत मिळणार होतं. आधी फक्त नमुन्याच्या तीन पाट्या पसंत पडायला हव्या होत्या.

आता त्या वेबसाइटची खुबी सांगायला हवी. फॉर्मवर दोन चौकटी होत्या. पहिली मोठ्या अक्षरांतल्या ओळीची, दुसरी बारीक अक्षरांतल्या ओळीची. एखादी चौकट रिकामी सोडली, तर मागच्या गिऱ्हाइकाने लिहिलेलं तिथे आपोआप जाऊन बसायचं. नेहमीच्या माणसाला पुन्हा पुन्हा लिहायचा त्रास नको, हा पाटीवाल्यांचा उदात्त विचार! दिवसाला एखादी ऑर्डर यायची, तेव्हा ते सकाळी दात घासून झाले की मागचा मजकूर हाताने पुसून टाकायचे. पण आता दिवसाला वीस ऑर्डरी यायला लागल्या होत्या, आणि माणूस दिवसातून वीस वेळा दात घासत नाही.

"अहो, ही आता आपल्याला पुरत नाही. कुणा जाणत्याला दाखवा," बायको म्हणायची.

"चालतेय ना? मग उगाच चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस?"

हॉस्पिटलच्या क्लार्कबाईंनी तीन पाट्यांची ऑर्डर फोन घेत घेत, तीन वेळा फॉर्म उघडून भरली. दुसरी ओळ नको होती, म्हणून ती रिकामी सोडली. मधल्या वेळात इतर गिऱ्हाइकं आपापलं लिहून गेली. पाटीवाल्यांनी जे आलं ते कोरलं. एकदा एका वकिलाचा मजकूर त्यांनी सुधारून दिला होता, तर त्याने नोटीसच धाडली. तेव्हापासून ते फक्त अक्षरं बघायचे, अर्थाच्या वाटेला जायचे नाहीत.

पाट्या कागदात गुंडाळून बायको स्वतः घेऊन गेली. मोठे डॉक्टर आणि मुख्य नर्सबाई यांच्यासमोर तिने ऐटीत पहिली पाटी उघडली.

"प्रसूती विभाग," डॉक्टरांनी वाचलं. मग चष्मा पुसला. "एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही."

"तसं खोटं नाही ते," नर्सबाई म्हणाल्या.

ती ओळ कापडदुकानाची होती. बायकोने घाईघाईने दुसरी पाटी पुढे केली. शस्त्रक्रिया विभागाखाली पोहण्याच्या तलावाची सूचना होती : आपल्या मौल्यवान वस्तू आपणच सांभाळाव्यात. तिसरी ती उघडणारच नव्हती, पण नर्सबाईंनी कागद फाडलासुद्धा. औषधालयाला बेकरीची ओळ मिळाली होती : आधी चव घेऊन पाहा, आवडलं तरच न्या.

बायकोला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. साठ पाट्या गेल्या, गाळा गेला, स्वयंपाकघर गेलं! तिने रिकाम्या चौकटीचा घोळ कसाबसा सांगितला. पण डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "अक्षर फार सुरेख आहे हो. ती वेबसाइट तेवढी माहितगाराकडून नीट करून घ्या. मग काम तुमचंच."

घरी तिने तिन्ही पाट्या ओट्यावर मांडल्या. पाटीवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच त्या अर्थासकट वाचल्या आणि ते मटकन स्टुलावर बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग स्वतःहूनच त्यांनी वेबसाइट बनवून देणाऱ्या एका बाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. त्यांनी वेबसाइट पाहिली, फळीवरचा कॉम्प्युटर पाहिला.

"पण बाई, वेबसाइट अपुरी पडतेय हे माणसाला कळायचं कसं?" पाटीवाल्यांनी विचारलं.

"बहुतेकांना आपापलं कळतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला हॉस्पिटलने कळवलं."

मग त्यांनी कॉम्प्युटरवरून बोट फिरवलं आणि ते बायकोला दाखवलं. "सात वर्षांच्या फोडणीचा थर आहे. सगळ्या जुन्या ऑर्डरी याच्यातच आहेत, आणि जागेवरून हलवला तर हा पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. मला इथेच बसून काम करावं लागेल. दोन महिने तरी. आणि तोवर या खोलीत फोडणी, वाफ, धूर काही नको."

"बघ," पाटीवाले बायकोला म्हणाले, "आणलं की नाही जाणतं माणूस?"

लगेच स्वयंपाकघर रिकामं करायला सुरुवात झाली. सगळ्यात आधी शेगडी गॅलरीत गेली, आणि तिच्या पाठोपाठ बायको.