गोधडीचा दस्ता

विक्रांतची झोप उडाली, त्याला चार महिने झाले होते. आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात त्याची पाळी बदलली आणि झोप जी रुसली, ती काही केल्या परत येईना. हळद घातलेलं दूध झालं, तळपायांना तेल झालं. दिवसा मात्र चालताबोलता त्याला स्वप्नं पडत: धुक्यातली टेकडी, ओलं गवत, लांब उभं असलेलं एक हरीण. शेवटी शेजारचा फिनबार, जो शिकारीला जायचा, तो म्हणाला, "आमच्या क्लबाबरोबर डोंगरात चल. दमशील, झोपशील, ग्रँड!"

पण नेमबाजीच्या परीक्षेत पास झाल्याशिवाय क्लब कुणाला डोंगरात नेत नसे. तीन गोळ्या, तिन्ही वर्तुळात. विक्रांत दोनदा नापास झाला होता. आता यंदाची शेवटची संधी.

"नेम वाईट नाही तुझा," फिनबार म्हणाला. "दस्ता तुझ्या मापाचा नाही. डोळे मिट, गाल टेकव, डोळे उघड. रायफलवरची दुर्बीण बरोबर डोळ्यासमोर आली पाहिजे." रायफल स्वतःकडे ठेवून त्याने खांद्याला टेकवायचा नुसता लाकडी दस्ता विक्रांतच्या हाती दिला.

विक्रांतने घरी दुर्बिणीच्या जागी किचन रोलची नळी चिकटवली. गाल फार खाली जात होता, म्हणून बायकोच्या, मुक्ताच्या, योगा मॅटची पट्टी लावली. उंची जमली, पण टोचायला लागलं. दोष शून्यावर येईपर्यंत चाचणी थांबवायची नाही, ही कारखान्यातली सवय. मग मोजा झाला, स्पंज झाला. अखेर त्याची नजर सासूबाईंनी पाठवलेल्या गोधडीवर गेली.

"अरे, आईची गोधडी कापलीस?" मुक्ता किंचाळली.

"एक कोपराच गं. ॲक्युरसीचा प्रश्न आहे यार."

"मग ही ॲक्युरसी आईला फोनवर तूच एक्स्प्लेन कर!"

विक्रांतने मऊ सुती चिंध्यांवर गाल टेकवला, डोळे मिटले, उघडले. नळीचं भोक अगदी समोर होतं.

परीक्षेच्या सकाळी मैदानावर भुरभुर पाऊस होता. फिनबारने दस्ता रायफलला परत जोडून दिला आणि विक्रांत चटईवर पालथा पडला. पहिली गोळी वर्तुळाच्या मधोमध लागली, दुसरी तिला खेटून. छत्रीखाली फिनबार मुक्ताच्या कानात पुटपुटला, "युअर मॅन आज पेटलाय!"

तिसरी गोळी भरण्याआधी विक्रांतने नियमाप्रमाणे गाल टेकवला, डोळे मिटले. धुकं आलं. टेकडी आली. हरणाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि ते निवांत गवतात बसलं.

"वेळ संपत आली," परीक्षकबाई म्हणाल्या.

उत्तरादाखल घोरणं ऐकू आलं. फिनबार त्याला हलवायला धावला, पण मुक्ताने त्याची बाही धरली. "नको ना, प्लीज! चार महिन्यांनी झोपलाय तो." तिचे डोळे भरून आले होते.

बाईंनी कागदावर 'नापास' लिहिलं. मग वाकून, आवाज न करता रायफलचा लोखंडी भाग सोडवून नेला आणि दस्ता त्याच्या गालाखाली तसाच राहू दिला. मुक्ताने आपला रेनकोट त्याच्यावर पांघरला. शेजारच्या रांगेत उरलेल्या उमेदवारांच्या गोळ्या दुपारपर्यंत धाडधाड झडत होत्या. विक्रांतने कूससुद्धा बदलली नाही.