गाठ कुणाची, नस कुणाची

आमच्या काकांच्या कानाखाली कर्करोगाची गाठ आली आणि इस्पितळाचे नियम न वाचताच ती वाढू लागली. इथूनच सगळा घोळ झाला.

गाठींचा विभाग तळमजल्यावर, नसांचा वरच्या मजल्यावर. दोन्ही विभागप्रमुखांचं पार्किंगच्या जागेवरून बिनसलेलं, त्यामुळे चहासुद्धा वेगळ्या किटलीतून यायचा.

खालचे साहेब म्हणाले, "गाठ आमचीच. पण ती चेहऱ्याच्या नसेला धरून वर सरकलीय. तिथं आमची हद्द संपते."

"मग पुढचं वरचे साहेब बघतील ना?" काकूंनी विचारलं.

"ते तुम्ही विचारा. आम्ही त्यांना विचारत नसतो."

वरचे साहेब म्हणाले, "नस आमची, कबूल. पण तिची काही चूक नाही, गाठीनं तिला नादी लावलंय. आधी गाठ हलवा."

"अहो, खालच्या तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, गाठीमुळे नसेला नवे फाटे फुटतात आणि नस गाठीला वाढवते. दोघींवर एकदमच इलाज हवा!" काकू म्हणाल्या.

"कोण या बाई?" साहेबांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी बाईंची बदली रक्तपेढीत झाली. साऱ्या इमारतीत मिळूनमिसळून काम करणाऱ्या दोघीच उरल्या, गाठ आणि नस.

मग समन्वय समिती नेमली गेली. कुणी कुणाच्या मजल्यावर जायचं, यावर अडलं. शेवटी बैठक जिन्यात झाली. ठराव झाला: खालच्यांनी हद्दीपर्यंत कापावं, वरच्यांनी वेदनेचं बघावं. त्याप्रमाणे गाठ हद्दीपर्यंत काढली, हद्दीपलीकडची शिस्तीत ठेवली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून साहेबांना पुष्पगुच्छ मिळाला.

काकांचा अर्धा चेहरा लुळा पडला. काकू धावत खाली गेल्या.

"उरलेली गाठ नसेत आहे," खालचे साहेब समाधानानं म्हणाले. "म्हणजे आमच्याकडून पेशंट पूर्ण बरा."

पूर्ण बरे झालेले काका पावसाळ्याआधीच गेले. मेल्यांनो, माणूस मधल्यामध्ये संपला की रे!

तेराव्यानंतर काकूंना कुणी ठेवायचं, हे ठरवायला मुलं जमली. इस्पितळाला सगळ्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. मग थोरला बायकोकडे बघत म्हणाला, "आई माझीच, पण घरातलं सगळं ही बघते." धाकटा म्हणाला, "आधी दादानं ठरवावं, मग मी बघतो."

काकू शांतपणे म्हणाल्या, "मी जिन्यात बसू का रे?"

तुम्ही मघापासून साहेबांना हसताय. हसा. तुमची आई सध्या कोणत्या मजल्यावर असते?