अकरा बरण्यांचं दान

पेत्राके गुरुजींना जाऊन शनिवारी चाळीस दिवस होत होते, आणि पाणथळीचा धडाही शनिवारीच ठरला. चाळिसाव्याचं दान पुढे ढकलता येत नाही. धडा ढकलता आला असता, पण मुख्याध्यापक घीनेआ यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

"स्मारांदाताई, यंदाचा नीट झाला तर पुढे चालू ठेवू. नाहीतर पुढच्या वर्षापासून पोरांना शहरात घसरगुंड्यांच्या तलावावर नेतो. पालकांचंही तेच म्हणणं आहे. शेवटी तेही पाणीच."

गुरुजी तीस वर्षं दर मे महिन्यात गावच्या मुलांना हा धडा देत आले होते. त्यांच्या मुलीने, स्मारांदाने, क्रायोवा शहरातल्या ग्रंथालयातल्या नोकरीतून रजा काढली आणि एकोणीस पानांचं टिपण तयार केलं. गुरुजींच्या वहीत या धड्याबद्दल एकच ओळ होती: आणलेला जीव दिवस मावळायच्या आत त्याच पाण्यात.

शनिवारी उजाडताच तिने डॅन्यूबकाठच्या पाणथळीतून अकरा बरण्या भरून आणल्या. गोगलगायी, बेडकाची शेपटीवाली पिल्लं, चतुराच्या अळ्या, एक जळू, आणि तळहाताएवढं कासव. अंगणातल्या तुतीखालच्या बाकावर बरण्या मांडून, ऊन लागू नये म्हणून त्यांच्यावर ओला पांढरा टॉवेल घातला आणि ती कबरीवर दिवा लावायला गेली.

घरी होती युस्तिना आत्या. दान तिच्या हातून व्हायचं होतं: येईल त्याला नव्या मगात पाणी, वर कड्यासारखा गोल पाव आणि पेटती मेणबत्ती. मग कोठीत खोक्यात होते. बाक समोर होता. आत्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि अक्रोडाचं पीक उतरल्याशिवाय ती डॉक्टरकडे जाणार नव्हती.

स्मारांदा परतली तेव्हा दहा मुलं आणि मुख्याध्यापक अंगणात रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या हातात बरणी, काठाला चिकटवलेली मेणबत्ती, मनगटात पाव. शेवटचा मुलगा नुकतंच म्हणत होता, "देव त्यांना क्षमा करो."

एवढं म्हटलं की वस्तू घेणाऱ्याची होते. ती परत करायची नसते आणि परत मागायची तर त्याहून नसते, कारण इथे दिलेलं तिथे मेलेल्या माणसाला पोचलेलं असतं.

"आत्या, हे काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? पाणी दिलं. तूच मांडून ठेवलं होतंस की, वर पांढरा टॉवेल घालून. म्हटलं, पोरगी शहरात राहून काहीतरी नवीन शिकलीय."

"त्यात जिवंत किडे आहेत."

आत्याने चांगला डोळा शेजारच्या बरणीला लावला. "मला तमालपत्र वाटलं."

"आणि हललं तेव्हा?"

"चाळीस दिवस मला सगळंच हलताना दिसतंय," आत्या म्हणाली.

स्मारांदा मुलांकडे वळली. "बाळांनो, बरण्या बाकावर ठेवा बरं."

कोणी हललं नाही. रेमुस नावाच्या मुलाकडे कासव आलं होतं. "ताई, हे आता माझं आहे. मी म्हटलं ना, देव त्यांना क्षमा करो. मी घरी नेणार."

मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. "ऐकलं ना? बरण्या बाकावर."

"सर, आधी तुम्ही ठेवा," रेमुस म्हणाला.

मुख्याध्यापकांनी आपल्या बरणीकडे पाहिलं. जळू काचेवरून सावकाश वर चढत होती. त्यांच्या कचेरीत भिंतीवर दोन पदव्या टांगलेल्या होत्या. "माझी आई तीन घरं सोडून राहते," ते स्मारांदाला हळूच म्हणाले. "तिला कळलं तर मला घरात घेणार नाही."

स्मारांदाने कोठीतून मगांचं खोकं आणलं. बरणी द्या, बदल्यात मग घ्या, असा तिचा विचार होता. आत्याला मग पाहून आनंद झाला. तिने आणखी अकरा मेणबत्त्या पेटवल्या आणि मगही वाटून टाकले.

"अगं, बदल्यात द्यायचे होते."

"अदलाबदल बाजारात करतात. मेलेल्याच्या दारात नाही."

आता प्रत्येकाच्या एका हातात बरणी होती, दुसऱ्यात मग, आणि वहीसाठी हात उरला नव्हता. स्मारांदाने टिपणाचं पहिलं पान वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर तिघं जण खाली बसले. ऊन तुतीच्या पलीकडून बाकापर्यंत आलं. मेण पाण्यात टपकू लागलं. एका दयाळू मुलीने बेडकाच्या पिल्लांना उकडलेल्या गव्हाचा प्रसाद भरवला. थोड्या वेळाने पिल्लं हवेसाठी वर येऊन तोंड उघडू लागली, तशी स्मारांदाने पानं मिटली. दिवस मावळेपर्यंत यांतलं काहीच टिकणार नव्हतं.

"आत्या, हे जीव मेले तर?"

आत्याने पुन्हा चांगला डोळा बरणीला लावला. "तर त्याला मेलेलेच पोचतील," ती म्हणाली. "आणि मी गेले की तो मला जाब विचारेल."

रांगेत इलिंका होती. गुरुजींच्या नावाने चाळीस दिवस रोज एक बादली पाणी शेजाऱ्यांना नेऊन द्यायचं काम तिच्याकडे होतं. शेवटची बादली बारा वाजता पाणथळीत सोडायची होती.

"आजी, माझं पाणी सोडायचं ते परत करणं नसतं ना?"

"नसतं. ते पाठवणं असतं."

"मग या बरण्यांतलंही त्याबरोबर पाठवू या."

आत्याने अडचण शोधली. सापडली नाही. "माझ्या भावाची विद्यार्थिनी आहेस तू," ती म्हणाली, आणि ते कौतुक नव्हतं.

सगळे मेणबत्त्या सांभाळत पाणथळीवर गेले. पाणी सोडताना काय पाठवतोय ते मोठ्याने सांगावं लागतं, नाहीतर ते भलत्याच मेलेल्याला जातं. इलिंका पाण्यात उतरली. "सूर्या, साक्षी राहा. पाण्या, साक्षी राहा. चाळीस बादल्या पाणी, पेत्राके गुरुजींना."

मग रेमुस. तो जरा थांबला. "कासव. एक."

"कशाला हवंय त्याला कासव?" आत्याने विचारलं.

"मेलेले मासे खातं ते. नाहीतर पाणी सडेल."

"मग पाठव."

आत्याचं समाधान झाल्याशिवाय काहीच जाऊ शकत नव्हतं. चतुराची अळी कशाला? डासांची पिल्लं खाते. तिथे डास आहेत का? असले तर. गोगलगाय? शेवाळ खरवडते. बेडूक? बेडूक नसले तर करकोचा कोणाकडे येईल? हे आत्याला पटलं, करकोचा तिच्याच धुराड्यावर राहायचा.

शेवटी मुख्याध्यापक गुडघाभर पाण्यात उभे राहिले. "जळू."

"जळू माझ्या भावाला पाठवायची नाही."

"आत्या, पाचवीत असताना मी गुरुजींना हेच विचारलं होतं. जळू कशाला? ते म्हणाले, तुला नको ते एकेक काढत गेलास, तर शेवटी नुसतं पाणी उरेल."

एवढं बोलून मुख्याध्यापक थांबले. त्यांनी स्मारांदाकडे पाहिलं नाही.

"सोड," आत्या म्हणाली.

स्मारांदा काठावर रिकाम्या हातांनी उभी होती. घरच्या माणसाला दान मिळत नाही. एकोणीस पानं पिशवीत तशीच होती. पिल्लं बोरूच्या बेटात दिसेनाशी झाली आणि पाण्यावर मेणाचे चार-दोन ठिपके राहिले. मेण बाबांना चाललं नसतं, असं तिच्या मनात आलं. स्कर्ट गुडघ्यांपर्यंत उचलून ती आत गेली आणि एकेक ठिपका वेचून मुठीत घेतला.

परतताना मुख्याध्यापक म्हणाले, "पुढच्या वर्षीही असाच घेऊ. मी पालकांशी बोलतो."

"असाच कसा?" आत्या परकराचा काठ पिळत म्हणाली. "पुढच्या वर्षी मरणार कोण?"

आत्याने मुलांवरून एक नजर फिरवली, मग मागे वळून पाणथळीकडे पाहिलं.

"बरं, मी आहेच," ती म्हणाली. "पण मला जळू नको."

"जळू लागेल, आजी," रेमुस म्हणाला.

फाटक येईपर्यंत आत्या विचार करत चालली.

"एकच," ती म्हणाली.