जीपला पाजणारे सुखदेवकाका

कामरगावात दारूला न शिवलेली जी मोजकी माणसं होती, त्यांत सुखदेवकाका पहिले. आणि गावातली सगळ्यांत कडक दारूही त्यांच्याच घरी असायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती, रोजचं पंचशील न चुकता, आणि समोरच्या भिंतीला ओळीनं मोहाच्या दारूचे डबे. मेणबत्ती आणि डबे यांच्यात काका चांगलं दहा हात अंतर ठेवत. नवा पाहुणा बुचकळ्यात पडायचा.

"हे एवढं कोन पेते, काका?"

काका अंगणाकडे बोट दाखवत. तिथं त्यांची जीप उभी असायची.

मी शाळामास्तर, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा, त्यामुळे हा सगळा उद्योग मी नाकानं अनुभवलेला आहे. काका मिलिटरीत ड्रायव्हर होते. लढाईच्या काळात पेट्रोल पुरत नव्हतं, तेव्हा त्यात स्पिरीट मिसळून गाड्या हाकलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. नोकरी संपवून ते गावी आले ते पेन्शन आणि लिलावातली एक जीप घेऊन. पुढे चौऱ्याहत्तर साली पेट्रोल असं भडकलं की भल्याभल्यांच्या गाड्या विटांवर चढल्या. काकांच्या डोक्यात मात्र मिलिटरीतली आठवण पेटली.

"अन्‌ मोह काय कमी हाये का आपल्याकडं?" ते मला म्हणाले. "गाडीले पाजा, मानसाले नका पाजू. गाडी पेली का पयते, मानूस पेला का पडते!"

मोहाची दारू दोनदा-तीनदा पुन्हा गाळायची, उरलंसुरलं पाणी शोषायला कळीचा चुना घालायचा, मग फडक्यातून गाळून डब्यात भरायची. जीपच्या कार्बुरेटरचं भोकही त्यांनी हातानं मोठं करून घेतलं होतं. ती रस्त्यानं गेली की मागे पिकल्या मोहाचा वास रेंगाळायचा आणि त्या वासामागे गावातली दोन-चार माणसं.

काकांचा सगळ्या जगावर विश्वास होता. फक्त दारूजवळ बसलेल्या माणसावर नव्हता. म्हणून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक चिंधी आणि आगपेटी. कुणीही डबा आणून दिला की आधी चिंधी बुडवायची, पेटवायची. दारू चोख असेल तर जाळ विझता विझता चिंधीही जळून जायची. पाणी घातलेलं असेल तर दारू जळायची, चिंधी ओलीच राहायची. "चिंधी खोटं बोलत नाही, मास्तर. मानूस बोलते," असं म्हणून काका समोरच्या माणसाला तिथल्या तिथं डबा परत करत. मग तो सख्खा मेहुणा का असेना.

एकट्या जीपनं त्यांचं समाधान होईना. त्यांना वाटेवर जागोजाग अशा डब्यांची 'ठेसनं' हवी होती. त्यासाठी ते परवान्याचे अर्ज लिहीत. अक्षर माझं, तळमळ त्यांची. अर्ज पुढे पाठवला आहे, एवढंच उत्तर दर वेळी यायचं. तोवर काका मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवर जाऊन भागीदारी जमवू लागले. करार सरळ होता. तुम्ही डबा भरून ठेवा, बदल्यात जीप तुमच्या आजाऱ्याला दवाखान्यात नेईल आणि तुम्हाला बाजाराला. दारू कोणत्या गावात गळत नव्हती? तांड्यात ती लपवत नसत, एवढाच फरक.

एका तांड्याचे नायक मोठे धोरणी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली. "रामनवमीच्या जत्रेले कामरगावाहून पोहऱ्यापर्यंत या. पेट्रोलचा थेंब नाही पाह्यजे. आले, तर आमच्या चार तांड्यांच्या भट्ट्या तुमच्या गाडीसाठी. नाही आले, तर पुन्हा इथं हा विषय काढायचा नाही."

काकांचा चेहरा उजळला. चार तांड्यांची दारू जीपच्या पोटात गेली की तेवढी माणसांच्या पोटात जायची नाही, हा त्यांचा हिशेब होता. सगळं त्या एका प्रवासावर आलं.

वाटेत तीन ठेसनं ठरली. पहिलं कारंज्याच्या एका सायकलवाल्याकडे. दुसरं मानोऱ्याला माझ्याकडे, कारण तोवर माझी बदली तिथं झाली होती. आणि तिसरं पोहऱ्याच्या अलीकडच्या तांड्यात, धनसिंगकडे. हे नाव ऐकून मी उडालोच. धनसिंग सकाळी उठून प्यायचा आणि प्यायला म्हणून पुन्हा झोपायचा. नायकांनीसुद्धा कपाळाला हात लावला.

"काका, मांजराला दुधाची राखण?" मी म्हणालो.

"त्याच्याजोळच ठेवतो," काका म्हणाले. का, ते काही सांगितलं नाही.

रामनवमीला जीप निघाली. कारंज्याला चिंधी झकास जळाली. मानोऱ्याला मी हार घेऊन दारात उभा, माझा डबा म्हणजे शिक्षकाच्या घरचा डबा! काकांनी चिंधी बुडवून पेटवली. निळा जाळ आला, गेला, आणि चिंधी ओलीच्या ओली.

आमच्या घरी तेव्हा माझे मामा मुक्कामाला होते. निवृत्त कारकून, गळ्यात माळ, कपाळाला गंध. "थोडी गुडघ्याला चोळली, आणि डबा कमी दिसू नये म्हणून पाणी घातलं," ते म्हणाले. मामांचे गुडघे तोंडात आहेत हे आम्हाला त्या दिवशी कळलं. लाजेनं माझी मान वर होईना.

"चाल मास्तर, बस गाडीत," डबा तिथंच परत ठेवून काका म्हणाले.

टाकीत उरलं होतं तेवढ्यावर जीप कशीबशी निघाली आणि धनसिंगच्या तांड्याच्या अलीकडे चढावर उचक्या देऊन थांबली. ऊन रणरणत होतं. जत्रेचे ढोल ऐकू येत होते. मी मनातल्या मनात म्हणालो, शिक्षकाच्या घरी ही गत, तर पुढे काय वाढून ठेवलं असेल! काका स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते. इतके म्हातारे ते मला कधी दिसले नव्हते.

तेवढ्यात चढावरून एक माणूस उतरताना दिसला. डोक्यावर डबा, पाय लटपटतायत, अंगाला कापरं. "गेलं," मी म्हणालो. "पिऊन येतोय."

तो धनसिंगच होता. जवळ आला तेव्हा कळलं, तोंडाला वास नव्हता. डबा घरात आल्यापासून चार दिवस दारूचा थेंब पोटात न गेल्यानं तो कापत होता.

"गाडीचा आवाज बंद झाला, म्हून आनला," त्यानं डबा खाली ठेवला. मग खाली मान घालून म्हणाला, "काका, हात नाही लावला. रोज झाकन उघडून वास मातर घेतला. वास घेतल्यानं कमी होत नाही ना?"

"नाही होत, बावा," काका म्हणाले.

काका खिशातली आगपेटी काढतील म्हणून मी सवयीनं वाट पाहत होतो. काकांनी चिंधी काढली, तिनं नुसते डोळे पुसले, आणि डबा उचलून सरळ टाकीत रिकामा केला.

"काका, परीक्षा?"

"राहू दे, मास्तर."

जीप दोनदा खाकरून सुरू झाली. जत्रेत नायकांनी बॉनेटवर हात ठेवून वास घेतला, टाकीत डोकावले आणि चारही तांड्यांच्या वतीनं काकांच्या हातावर हात मारला. धनसिंग रिकामा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसला होता. तो कुणाकडे द्यायला तयार होईना.

परतीच्या वाटेवर त्याला तांड्यात उतरवल्यावर मी विचारलं, "काका, त्याच्यावरच एवढा भरवसा कसा टाकला?"

काकांनी जीप हळू केली.

"माहा लहान भाऊ होता, नामा," काका म्हणाले. "पेऊन पेऊन गेला. घरातल्या डब्याडब्याले म्या कुलूप लावलं होतं त्याच्यापायी. त्याले जिंदगीत एकदाबी काही सांभायाले देल्लं नाही, मास्तर. एकदा देऊन पाह्याले पाह्यजे होतं."