मुंग्या हाकलायचं यंत्र

दारणीने रिकामी बाटली ताटासमोर आदळली, तेव्हा सुमेतच्या तोंडात घास होता.

"राखणदाराच्या नैवेद्याचं लाल सरबत आजही संपलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "आईला साखरेचा आजार. मला गोड आवडत नाही. उरलं कोण?"

"मांजर?"

"मांजर नळीने पितं?"

सुमेतच्या सासूबाई चिकट भाताचा गोळा वळत शांतपणे म्हणाल्या, "राहू दे गं. देव बघतोय."

थायलंडमधल्या नान प्रांतात बायकोच्या घरी राहणाऱ्या जावयाला बरंच काही माफ असतं. जागेच्या राखणदाराच्या नैवेद्यावर हात मारणं मात्र नाही. सुमेत प्रयोगशाळेत पाणी तपासायचा. पुराव्याशिवाय तो कपडे वाळलेत असंही म्हणत नसे. त्याने काड्यापेटीएवढा कॅमेरा आणला आणि अंगणातल्या खांबावरच्या राखणदाराच्या देवळीत, मातीच्या हत्तींमागे बसवला. बॅटरी इवलीशी, म्हणून घर झोपल्यावर दुपारीच तो सुरू होईल अशी सोय केली.

"हे काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"मुंग्या हाकलायचं यंत्र, आई." चोराला सुगावा लागू नये, म्हणून खरं त्याने कुणालाच सांगितलं नाही.

संध्याकाळी बाटली रिकामी, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर नुसतं पांढरं धुकं.

कॅमेरा आधी रुमालाने लख्ख पुसायचा आणि मगच तपासायला घ्यायचा, ही सुमेतची शिस्त. त्याने कार्ड बदललं. टेबलावर चित्र स्वच्छ! देवळीत पुन्हा धुकं. बॅटरी मोजली, ठणठणीत. मग भिंगामागे दमट हवा शिरली असणार, म्हणून कॅमेरा रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरला. टेबलावर स्वच्छ, देवळीत धुकं.

पुढच्या खेपेस रुमाल धुवायला पडला होता. न पुसताच त्याने कॅमेरा दिव्याखाली धरला. बरोबर भिंगावर पांढरा, गोल ठिपका. मोगऱ्याचा वास येत होता. इतके दिवस तो पुरावा आधी पुसत होता आणि मग शोधत होता.

"आई, याला टिळा लावलात?"

"मग? नव्या गाडीला लावला, फ्रिजला लावला. यानेच काय पाप केलंय?"

"पण रोज?"

"रोज दुरुस्त करून आणतोस. म्हणजे रोज नवाच की!"

"आजपासून पाठीला लावा. पुढे लावला की मुंग्या जात नाहीत."

त्या दिवशी चित्र नितळ आलं. उदबत्ती विझली होती. सासूबाई गुडघ्यांवर बसल्या, हात जोडले, ओठ हलले. देवाचं पिऊन झालंय का, असं रीतसर विचारत असणार. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि एका दमात बाटली तळाला नेली.

"काय बघतोयस?" दारणी मागून आली.

सुमेतने पडदा मिटला. "मुंग्या."

निर्दोष सुटायला एक बोट पुरलं असतं. त्याने ते बोट टिळ्याच्या पांढऱ्या पिठीत बुडवलं आणि भिंगावर टेकवलं.

"पुढे नको म्हणाला होतास ना?" सकाळी सासूबाईंनी विचारलं.

"पुढेच बरा, आई. यंत्राने सगळंच बघू नये."

सासूबाईंनी आधी भिंगाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि त्या आत गेल्या.

त्या दुपारी देवळीत बाटली अर्धीच संपलेली होती. शेजारी एक नवी, कोरी नळी. सुमेतने हात जोडले, रीतसर विचारलं आणि पहिला घोट घेतला.

"सापडलास!" दारात दारणी उभी होती.

तिच्यामागून सासूबाईंचा आवाज आला, शांत, गंभीर: "मी म्हटलं नव्हतं? देव बघतोय."