जिवंत बोट ठेवा

हयातीचे दाखले देणाऱ्या कार्यालयात एका कर्मचाऱ्याने रबरी बोट टेकवून दुसऱ्याची हजेरी लावली. बोट सापडले, कर्मचारी सापडला नाही. म्हणून नवे यंत्र बसवण्यात आले. हे यंत्र बोटावरच्या रेषांवर भागवत नसे. बोटात रक्त खेळते आहे की नाही, तेही तपासत असे. सलग तीन दिवस नापास होणाऱ्याचे नाव सेवायादीतून कमी होणार होते. या निर्णयावर अपील नव्हते, कारण यंत्राच्या वर कोणी साहेब नव्हता.

खिडकी क्रमांक दोनचा कारकून बावीस वर्षांत एकदाही उशिरा आला नव्हता. पहिल्याच सकाळी साहेब त्याच्या पाठीमागे हाताची घडी घालून उभे राहिले आणि त्याचे बोट खडूसारखे पांढरे पडले.

"कृपया जिवंत बोट ठेवा," यंत्र म्हणाले.

"अहो, जिवंतच आहे ते!"

"यंत्राशी वाद घालू नका," साहेब म्हणाले आणि बोटे गार का पडली याचा लेखी खुलासा चोवीस तासांत मागवला.

संध्याकाळी बायकोने त्याचा हात हातात घेऊन पाहिला. "घरी तर चांगला ऊबदार आहे की! चला डॉक्टरांकडे."

"तुमच्यात बिघाड काही नाही," डॉक्टर म्हणाले. "भीती वाटली की सिंपथेटिक नसा बोटांतल्या रक्तवाहिन्यांना आवळायचा हुकूम देतात. त्यासाठी नॉरअॅड्रेनॅलिन सोडतात. भीती गेली की वाहिन्या सैल. पण भीती जोरात आणि सारखी असली, तर त्याच नसा आणखी एक द्रव्य सोडतात, न्यूरोपेप्टाइड वाय. ते सावकाश चढतं आणि लवकर उतरत नाही."

"म्हणजे आधी तोंडी आदेश, मग लेखी."

"अगदी! लेखी मागे घ्यायला वेळ लागतोच." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली : 'रुग्णास धाक वर्ज्य.'

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "धाक वर्ज्य केला तर कार्यालय चालायचं कसं?" त्यांनी 'तरतूद नाही' असा शेरा मारला, पण माणुसकी म्हणून जागच्या जागी एक ऊब समिती नेमली. समितीने पत्र काढले, की हजेरीच्या वेळी कारकुनाने घाबरू नये. घाबरल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. ते पत्र खिशात घालून तो यंत्रासमोर गेला. या खेपेला बोट निळे पडले.

साहेबांचा मेहुणा मात्र अकरा वाजता येई, गरम बोट टेकवी आणि चहाला जाई, तो दुसऱ्या दिवशी अकरालाच परते. त्याला आदर्श हजेरीचे प्रशस्तिपत्र मिळाले.

तिसऱ्या दिवशी बायको नवऱ्याचा हात घट्ट धरून कार्यालयात आली. साहेबांनी तिला दाराशीच अडवले. "बाई, बाहेरची ऊब आत चालत नाही."

"अहो, यंत्राकडे काय बघता? या माणसाकडे बघा ना!"

साहेबांनी नियमानुसार यंत्राकडे पाहिले. दहा वाजून चार मिनिटांनी बोट तिसऱ्यांदा नापास झाले आणि नाव कमी झाले.

कारकून पायरीवर बसून राहिला. त्याला रडू येत होते, पण भीती वाटत नव्हती. जाण्यासारखे होते ते गेलेच होते. साहेब शेजारून गेले, तरी तो उठला नाही. बऱ्याच वेळाने लेखी आदेशाचाही अंमल उतरला, बोटे गुलाबी झाली. त्याने आत जाऊन बोट टेकवले.

"बोट जिवंत आहे," यंत्र म्हणाले. "यादीत नाव नाही."

नाव परत चढवायला एकच कागद लागत होता : हयातीचा दाखला. तो खिडकी क्रमांक दोनवर मिळे, आणि आता त्यासाठीही तसल्याच यंत्रावर बोट टेकवावे लागे. तिथे आता मेहुण्याची नेमणूक झाली होती आणि मेहुणा चहाला गेला होता. खिडकीवर कारकुनाच्याच वळणदार अक्षरातली जुनी पाटी होती : 'आपण जिवंत असल्याचे तोंडी सांगू नये.'

बायको रांगेकडे वळली. "तुम्ही तर सगळे यांना ओळखता! इतकी वर्षं यांच्याच हातून दाखले नेलेत. हे जिवंत आहेत, असं एकाने तरी सांगा. नुसता हात वर करा!"

रांगेत तुम्ही होता, मीही होतो. आपण त्याला चांगले ओळखत होतो. पण हात खिशात होते. आपला नंबर येईपर्यंत बोटे गरम ठेवायची होती.